पुडक्यावर 'काच' असं लिहिलं होतं

शेवंतामावशी, ते पुडकं माझं होतं.

हे वाक्य नऊ दिवस मी तोंडात धरून फिरते आहे. तुझ्या लेकीला, सुनीताला, ते अजून सांगितलेलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगता आलं नाही, तुला नेलं तेव्हाही नाही. त्यानंतर रोज तुझ्या पत्र्याच्या शेडपर्यंत जाते आणि कोपऱ्यावरून परत फिरते. उद्या तुझा दहावा. त्याआधी तिला सांगायचं असं ठरवलं आहे. आधी तुला सांगते, कारण तुझ्यापुढं खोटं बोलायची मला सवय नाही. वाद घालायची आहे.

काय झालं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात परीक्षा संपल्या, पोरं खोल्या रिकाम्या करून गावाकडं निघाली आणि दरवर्षीसारखा तुझ्या शेडमध्ये रद्दीचा ढीग छताला लागला. एका गोणीत पिवळ्या पत्रकांत गुंडाळलेलं पुडकं होतं. तू ते सोडायला गेलीस. आत फुटक्या आरशाच्या काचा होत्या. उजव्या तळहाताच्या कडेला चीर पडली. तू हळद दाबलीस, चिंधी बांधलीस आणि पुन्हा निवडायला बसलीस. तुला साखरेचा त्रास. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, आणि पुढं जे झालं ते कुणालाच आवरलं नाही.

पुडक्यावर लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरांत 'काच' असं लिहिलं होतं. सगळे हेच सांगतात. "लिव्हलं हुतं की वर," शेडसमोरचा झेरॉक्सवाला व्हरांड्यात म्हणाला. "टाकणाऱ्यानं आपलं काम केलतं. मावशीचंच नशीब." मी तिथंच उभी होते. मी मान हलवली. मावशी, मी मान हलवली.

तुला वाचता येत नव्हतं. झेरॉक्सवाल्याला ते माहीत नसेल. मला माहीत होतं.

*

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा आपटले तेव्हा मी तुला पहिल्यांदा पाहिलं. वडील मुखेडहून न्यायला येणार होते. आदल्या दिवशी दोन वर्षांच्या वह्या मी पोत्यात कोंबल्या आणि रस्त्यावरून फरफटत तुझ्याकडं आणल्या. तू वरची वही काढलीस, तिच्या स्पायरलच्या तारेवर बोट फिरवलंस आणि वही परत माझ्या हातात दिलीस.

"हे असं चालत न्हाई. तार काढ. पुठ्ठा येगळा कर. त्ये पन्नीचं कव्हर हाय ते बी काढ."

"मावशी, तुम्ही मला काही देऊ नका. पण एवढं घ्या."

"फुकट हाय म्हणून घाण घिऊ व्हय? आन तुमी कुणाला म्हणायलीस? मावशी म्हणायलीस तर तू म्हण. बस खाली."

मी बसले. अख्खी दुपार तारा उपसल्या. फिजिक्सची तार, केमिस्ट्रीची तार, बायोलॉजीची तार. लिहिलेली पानं एकीकडं, कोरी पानं दुसरीकडं, पुठ्ठे तिसरीकडं. कोऱ्या पानांवर तू हात फिरवून ती सुनीताकडं दिलीस, ती शिवून त्यांच्या वह्या करायची. बोटांना तार टोचून टोचून माझं रडू थांबलं. शेवटी लिहिलेल्या पानांची चळत तू दोरीनं बांधलीस आणि माझ्यासमोर ठेवलीस. गुडघ्यापर्यंत सुद्धा आली नाही.

"बघ," तू म्हणालीस. "लई न्हवतं. तुला उगंच लई वाटत हुतं."

त्या दिवसानंतर मला कुणीही नापास म्हटलं तरी मला ती गुडघ्याखालची चळत दिसायची. हे तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, रद्दीला रद्दी म्हणलं, त्यात काय एवढं.

मी मुखेडला गेले आणि महिन्याभरात परत आले. लातूरलाच बी.ए.ला नाव घातलं. वडील एसटीत कंडक्टर, युनियनचे. आमच्या घरात देव कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं गिरवली ती संपाच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. आई ज्वारीचं पीठ चाळायची तेही पत्रकावर, आणि पीठ झाडलं की खालून 'कामगारांनो' असा शब्द निघायचा. छापलेल्या अक्षरानं जग हलतं, यावर माझा विश्वास आहे असं म्हणणं कमी ठरेल. मला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

तू मला 'पत्रकवाली' म्हणायचीस. "आली बघ पत्रकवाली, आज कुणाचा निषेध हाय?" मग मी वाचून दाखवायचे आणि तू निवडत निवडत ऐकायचीस. ऐकताना तुझा हात कधी चुकला नाही. डोळे माझ्याकडं आणि हात गोणीत. वर्तमानपत्राचा कागद, वहीचा कागद, गुळगुळीत जाहिरातीचा कागद, सगळं तुला बोटाला कळायचं. क्लासवाल्यांच्या चकचकीत पत्रकांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो असतात. ती तू टराटरा बाजूला टाकायचीस. "ह्या पोरायच्या तोंडावर लई मेण लावलंय. ह्यायचा लगदा व्हत न्हाई."

*

निवडायला तू कुठं शिकलीस ते तू मला एकदाच सांगितलंस. मी विचारलं म्हणून नाही. मी त्या दिवशी चिडून बोलले होते की लोक दान म्हणून घरातला कचरा देतात, त्यावर तुला आठवलं.

भूकंपात तुझं औशाकडचं गाव गेलं. नवरा गेला, मोठा मुलगा गेला. सुनीता तुझ्या पोटात होती. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्हाला ठेवलं होतं आणि बाहेर मोकळ्या रानात कपड्यांचे ट्रक येऊन ओतत होते. लोकांनी चांगल्या मनानंच पाठवले असतील, तू म्हणालीस. पण कुणी निवडून पाठवलं नव्हतं. तेलकट टॉवेल, लग्नातला कोट, ओली लुगडी, त्यांना लागलेल्या पिना. पाऊस पडला आणि सगळ्याला कुबट वास सुटला. बायका त्या ढिगाकडं बघायच्या आणि परत फिरायच्या.

"मी बसले मग तिथंच. रडायचं तर बसूनच रडायचं हुतं. हातानं एक एक काढाय लागले. धडकं इकडं, फाटकं तिकडं. लेकराचं बूट सापडलं. एकाच पायाचं. दुसरं बघाय लागले. दोन दिस बघितलं."

"सापडलं?"

"न्हाई. पर तंवर ढीग निवडून झालता."

मग तू पुन्हा गोणीत हात घातलास आणि म्हणालीस, "देणाऱ्याला वाटतंय टाकलं की झालं. पुढं त्यात कुणाचा हात जाणार हाय, हे त्याच्या डोक्यातच येत न्हाई."

मी त्यावर पत्रक लिहायचं ठरवलं. तेव्हा मला वाटलं, मी तुझं म्हणणं ऐकलं.

*

पिवळ्या कागदावरचं ते पत्रक. 'घरातली रद्दी कशी द्यावी.' त्यातलं जवळजवळ सगळं तुझं आहे. मी फक्त शुद्ध मराठी केलं, आणि काही ठिकाणी ते बिघडवलं.

मी लिहिलं होतं, 'दुधाच्या पिशव्या स्वच्छ धुऊन वाळवाव्यात.' तू हसून लोळलीस. "तुझ्याकडं नळ कवा आला हुता?" आठ दिवस झाले होते. "मग पिशवी धुवायला लोक पाणी कुठलं आणतील? खरकटी भांडी इसळलेलं शेवटचं पाणी असतंय, त्यात बुचकळ म्हण. आन दोरीवर चिमट्यानं टांग म्हण. वास न्हाई आला म्हंजे झालं." मी ते बदललं. खोक्यांच्या चिकटपट्ट्या आणि पिना काढून ती सपाट करायची, हेही तू सांगितलंस. तेलाचा डाग पडलेला पुठ्ठा रद्दीत घालायचा नाही, तो चांगल्या पुठ्ठ्यालाही नासवतो. बाटलीचं झाकण काढायचं, तळाला पाणी ठेवायचं नाही. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं लोखंडात टाकायचं नाही. घड्याळाचे सेल आणि गोळ्यांची पाकिटं वेगळी. दाढीची पाती आणि सुया झाकणाच्या डब्यात. बायकांचे पाळीचे कपडे कागदात बांधून, उघडे नाहीत. "त्यातबी आमचाच हात जातो," तू म्हणालीस, आणि तिथं माझा पेन थांबला होता.

सातव्या मुद्द्यावर आपलं बिनसलं.

मी लिहिलं होतं, 'फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत काच असे लिहावे.'

"कुणी वाचावं म्हणून?" तू विचारलंस.

"निवडणाऱ्यांनी."

"निवडणाऱ्या आमी. मला येत न्हाई, कमळीला येत न्हाई, त्या स्टेशनकडच्या दोघींला येत न्हाई. लाल चिंधी बांधा म्हण. खोक्यात घालून वरून लाल चिंधी. चिंधी दिसती, हाताला बी लागती."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मावशी, चिंध्या बांधत बसलो तर बायका कधीच वाचायला शिकणार नाहीत."

तू गोणीतला हात वर काढून दाखवलास. "शिकतील की. पर तंवर हात कापून घ्यायचा व्हय?"

मी सातवा मुद्दा बदलला नाही. पत्रक तसंच छापलं. गल्लीगल्लीत वाटलं. तुला एक दिलं तेव्हा तू ते उलटंसुलटं बघितलंस, घडी न मोडता वेगळ्या गोणीत ठेवलंस. माझी सगळी पत्रकं तू त्या गोणीत ठेवायचीस. रद्दीतून परत आलेलीसुद्धा. कुणी त्यात भजी बांधली असतील, कुणी चप्पल पुसली असेल, तू ती सरळ करून ठेवायचीस. कागद बघून तुला ओळखू यायचं की हे पत्रकवालीचं.

*

आरसा फुटला त्या दिवशी मला नांदेडला जायचं होतं. कचरा वेचणाऱ्या बायकांची बैठक होती आणि पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत होता. खोलीवरच्या भिंतीचा आरसा पिशवीचा धक्का लागून खाली आला. बस चुकू नये म्हणून मी हाताला लागलेल्या पत्रकांत काचा गुंडाळल्या. आठ-दहा पत्रकं लागली. दोरी बांधली. स्केचपेन शोधायला वेळ काढला. मोठं, गोल, सुबक अक्षर काढलं. काच. मग ते पुडकं जिन्याखालच्या गोणीत टाकलं, जिथून तुझा गाडा रद्दी न्यायचा.

एक गोष्ट तूच मला शिकवली होतीस, की आरशाची काच बाटलीच्या काचेत चालत नाही. तिच्या पाठीला रंग असतो, ती कुणी घेत नाही, ती झाकणाच्या डब्यात घालून, सांगून, कचऱ्याच्या गाडीत द्यायची. म्हणजे ते पुडकं तुझ्याकडं यायचंच काही कारण नव्हतं.

नांदेडला मी त्या बैठकीत बोलले. टाळ्या पडल्या. किनवटहून आलेल्या एका बाईनं माझे दोन्ही हात धरले. हे सगळं तुला सांगायचं म्हणून मी परतीच्या बसमध्ये वाक्यं जुळवत होते. तुझ्या हाताला चिंधी बघितली तेव्हा विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, "काय न्हाई, जरा लागलं." मी नांदेडचं सांगायला लागले.

दवाखान्यात मात्र तू स्वतःहून काढलंस. "तुझे पिवळे कागद हुते गं पुडक्यात. वाटलं सरळ करून ठिवावं. भिजले सगळे. दोन ऱ्हायलेत, सुनीताकडं हायत." मग म्हणालीस, "नवं काय लिव्हलंस?"

"काही नाही."

"तू लिव्हल्याबिगर ऱ्हायलीस? मंग मी खरंच मरायले वाटतं."

तू हसलीस. मी तोंड उघडलं तेवढ्यात नर्स आली. ती आली नसती तरी मी बोलले नसते.

कागद जपायला तू ते पुडकं सोडलंस. हे वाक्य लिहिल्याशिवाय बाकी सगळं लिहिणं लबाडी आहे.

आपला मोठा वाद तसाच राहिला. मी म्हणायचे, घराघरांतून पिशव्या धुऊन देणं हे उपकार करणं झालं. ज्या कंपन्यांनी पिशव्या काढल्या त्यांनी त्या परत घ्याव्यात. ज्यांच्याकडं कचऱ्याचं कंत्राट आहे त्यांनी बायकांना हातमोजे, बूट, ओळखपत्र, दवाखाना द्यावा. तू म्हणायचीस, "ते यील तवा यील. आजची गोणी आज उघडायची हाय." मावशी, मी अजूनही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. तुझ्या हातात जाड हातमोजा असता तर माझ्या आरशानं तू गेली नसतीस. हे मी नांदेडमध्ये म्हणेन, मुंबईत म्हणेन, कुणाच्याही तोंडावर म्हणेन. हे खरं आहे. आणि नऊ दिवस मी या खऱ्याच्या आड लपले आहे.

*

हे इथपर्यंत लिहून मी आज सकाळी शेडवर गेले.

सुनीता एकटीच होती. तिनं ढीग तसाच ठेवलेला नव्हता, निम्मा निवडून झाला होता. तुझी बसायची गोणी तिनं घडी करून बाजूला ठेवली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पुडकं माझं. अक्षर माझं.

तिनं हातातल्या बाटलीचं झाकण काढलं.

"आईला वाचता येत न्हाई, तुला ठावं न्हवतं?"

"ठाऊक होतं."

"तिनं चिंधी बांध म्हणून सांगितलं न्हवतं? मी हितंच हुते तवा."

"सांगितलं होतं."

"मंग?"

मी विसरले असं म्हणणार होते. ते सोपं होतं आणि तिनं कदाचित मानलंही असतं. पण ते खरं नव्हतं. मी जे सांगितलं ते तुलाही ऐकू दे. काच असं लिहिताना मला तू आठवलीच नाहीस. मी वाचता येणारी माणसंच डोळ्यांपुढं धरली. त्यांनी ते वाचावं आणि म्हणावं, किती नीट लिहिलंय.

सुनीतानं मला शिव्या दिल्या नाहीत. बस म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही. झाकणांची पिशवी बांधून ती म्हणाली, "माफ बीफ मला म्हणायला लावू नकू. माझ्यानं व्हायचं न्हाई. कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुलाच पहिल्यांदा. मावशीला म्हणून सगळं लिहून काढलंय, तेवढंच."

"मंग छाप. तुझं नाव घालून छाप. लोकाची नावं घालून लई छापलंस." ती पुढं म्हणाली, "पर आधी हितं वाचून दाखीव. ज्यायचे हात जातेत त्यायला. छापल्यावर ते तुझीच माणसं वाचणार."

खोलीवर जाऊन मी सकाळचं हे बोलणंही लिहून काढलं. दुपारी तिनं बोलावलं म्हणून कमळाबाई आल्या, स्टेशनकडच्या दोघी आल्या. त्यांनी आपापल्या गोण्या बरोबर आणल्या होत्या, कारण दिवस मोडून त्यांना चालणार नव्हतं. चौघी निवडायला बसल्या आणि मी उभी राहून वाचलं. पहिल्या ओळीपासून. कुणी हात थांबवला नाही. नळाच्या पाण्यापाशी कमळाबाई हसल्या. एका पायाच्या बुटापाशी कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. नांदेडच्या टाळ्या मी घाईघाईनं वाचल्या. वाचता वाचता मी थांबले तेव्हा सुनीतानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

मग मी ती ओळ वाचली, की काच लिहिताना मला तू आठवलीच नाहीस, वाचता येणारी माणसंच मी डोळ्यांपुढं धरली. आणि पुढच्या ओळीवर गेले.

"थांब," कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली गोणी खाली ठेवली. बाकीच्यांचेही हात थांबले. "हे आताचं परत वाच. सावकाश वाच."

मी परत वाचलं.